जिन्यावरची दांडी

३ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं खुब्याचं हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, आता खुशाल जिना उतरा. पण ही वरच्या खोलीतून हलायला तयार नाही. इच्छाच नाही म्हणते. अशीच बसून राहिली तर पाय कायमचे आखडतील, असं त्यांनी बजावलंय. मी चहाचे कप घेऊन वर-खाली करतो आणि खाली स्वयंपाकघरात एकटाच जेवतो. माणूस मनानेच खचलं तर काय करायचं गं?

तिच्यासाठी जिन्याच्या भिंतीवर आधाराची दांडी मी स्वतः बसवली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, मला सुतार कशाला? डोळ्यांमुळे दुकान बंद केलं, म्हणून हातातली कला गेली नाही. दांडी किंचित हलते, पण नवी वस्तू रुळायला वेळ लागतोच. अक्षर वाकडं आलंय, पेन भिकार आहे.

लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढव.

तुझे बाबा

११ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

दांडी रुळत नसते बाबा, निखळते! स्क्रू घड्याळाचे लावलेत की काय? आमच्या बांधकामावर हे रोज बघते. ब्रॅकेट धरून हलवा. भुगा गळला, तर स्क्रू नुसत्या गिलाव्यात अडकलाय. आपलं घर पोकळ सिमेंट ब्लॉकचं आहे. वर बोटभर गिलावा, मग ब्लॉकचा पातळ थर आणि आत हवा. तिथे कसलेला सुतारही फसतो. दोष तुमच्या हातांचा नाही, भिंतीचा आहे.

त्याच भोकात जाडा स्क्रू कोंबू नका. दांडी उतरवून आधी भिंतीवर जाड लाकडी पट्टी लावा. ड्रिलने भोक पाडताना पांढरा भुगा येईल तो गिलाव्याचा, मग करडा येईल तो ब्लॉकचा. करडा येतच राहिला तर जागा भरीव. ड्रिल भसकन आत गेलं तर बाजूला सरका. स्क्रू घट्ट धरणारा प्लास्टिकचा प्लग पूर्ण ब्लॉकमध्ये बसू द्या, लांब स्क्रूंनी पट्टी आवळा आणि दांडी त्या पट्टीवर लावा. आधी स्वतः ओढून बघा, मगच आईला धरू द्या.

पण आईच्या मनाचं काय? माझा जीव टांगणीला लागलाय. हवं तर रजा काढून येते.

पाठीवर हात असू द्यावा.

तुमची ठकी

२६ मार्च

चि. ठकीस, स्वयंपाकघरात बसून आशीर्वाद!

रजा काढू नकोस. माझं मन खचलंबिचलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दांडीला हात लावला आणि ती डुगडुगली. भीती वाटली, पण बोलणार कशी? डोळ्यांमुळे दुकान बंद केलं हे तुझ्या बाबांचं सांगणं. खरं तर त्यांचे हात थरथरतात, ठकी. मला कळलेलं नाही असं त्यांना वाटतं. दांडी हलते म्हटलं असतं, तर त्यांनी आपल्या हातांकडेच पाहिलं असतं. म्हणून मी इच्छा नाही म्हणत बसले.

तुझं पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं. दोष भिंतीचा, हे दोनदा. मग भिंतीला शिव्या घालतच कामाला लागले. मी वरच्या पायरीवर बसून पट्टी धरली. ड्रिल काय, कुणाच्याही हातात थरथरतंच. करडा भुगा आला तेव्हा लहान पोरासारखे ओरडले. पट्टी जरा तिरकी झालीय, आलीस की तिच्याकडे बघू नकोस.

आज मी दांडी धरून खाली आले. ती जागची हलली नाही. ते खाली खिशात हात घालून उभे होते. मी त्यांचा हात खिशातून बाहेर ओढला आणि धरून ठेवला. सोडवून घेतला नाही त्यांनी.

हे आपल्या दोघींत. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई

२ एप्रिल

चि. ठकीस आशीर्वाद.

नवं पेन घेतलं. अक्षर तरी वाकडंच येतंय, तेव्हा दोष पेनाचा नसावा. उद्या डॉक्टरांकडे जातोय. तुझी आई सोबत येते म्हणते, आधाराला.

तुझे बाबा