खुर्चीतली आणि पर्सवाली

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर भाऊजींचं अक्षर बघून ते उभ्या उभ्याच फोडलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तू ते एका ओळीत उरकून खाली अर्धं पान माझ्या तब्येतीची चौकशी करतेस! शिवणकाम करणाऱ्या बाईला सुईचं नाक दिसेना म्हणजे काय, ते मला कळतं गं. वीस मार्चच्या आत दवाखान्यात पैसे भरायचेत, हेही कळलं. गेल्या वर्षी तू साठवलेले सगळे पैसे मला दिलेस, त्यातूनच ही खुर्ची आणि डोकं धुवायचं बेसिन आलं. ते पैसे वीसच्या आत तुझ्या हातात पडतील. हा माझा शब्द.

काम भरपूर आहे, ताई. पैसेच येत नाहीत. फेशियल होईपर्यंत बायका माझ्या हाताला सोन्याचा म्हणतात आणि उठल्या की त्यांची पर्स घरी राहिलेली असते. एकीचे पैसे तिची नणंद देणार होती. नणंद आली, तीही केस कापून गेली आणि म्हणाली की वहिनी देतील. समोरच्या इमारतीतल्या काकू तर वर मलाच म्हणतात की आपल्यात कसले गं पैसे. आपल्यात म्हणजे कोणात, तेवढं मला अजून समजलेलं नाही.

पण एक मोठं काम आलंय. चौकातल्या कापडदुकानवाल्या बाईंच्या थोरल्या मुलीचं लग्न आहे. नवरी धरून सहा जणी नटवायच्या. तेवढे आले की तुझं काम झालं. काळजी करू नकोस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
बारकी


दि. ९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगते आणि तुझे भाऊजी लिहितात. मधे मधे ते स्वतःचं घुसडतात, तिकडे लक्ष देऊ नकोस. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ते मला दहा सुयांत दोरे ओवून ठेवतात. अकरावी सुई लागली की माझं दुकान बंद. काल एका झग्याला मी निळ्याऐवजी काळा दोरा घातला आणि गिऱ्हाइकाने तो मला दाखवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला फार लाज वाटली, बारके.

आता तुझं. भीड भिकेची बहीण, हे आई तुला सांगून थकली. मी कधी कुणाचे पैसे बुडू दिले नाहीत, कारण मी शेवटचं बटण लावतच नाही. कपडा घालून दाखवायचा, आरशात बघू द्यायचं, आवडला की म्हणायचं, पैसे द्या, तेवढ्यात बटण लावते. उघड्या गळ्याने कोण घरी जाणार? तूही काहीतरी हातचं राखायला शीक. आणि त्या कापडदुकानवाल्या बाईंकडून निम्मे पैसे आधी घे. मोठ्या दुकानवाल्यांना उधारीचं वावडं फक्त स्वतःच्या दुकानात असतं.

तब्येतीला जप. राग मनात ठेवू नकोस, पत्रात घाल.

तुझी ताई
(आणि बोटं दुखलेला लेखनिक)


दि. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं बटण मला चांगलंच भोवलं.

विमा विकणाऱ्या त्या बाई आठवतात? पाच महिने दर वेळी ‘पुढच्या वेळी एकदम’ म्हणणाऱ्या? मंगळवारी त्या भुवया कोरायला आल्या. मी उजवी भुवई अशी रेखीव केली की मलाच कौतुक वाटलं. मग मला तुझं पत्र आठवलं. दोरा दातात धरून बोलता येत नाही, म्हणून आधी दोरा सोडला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की मागचे पैसे दिलेत तर डावी करते.

बाईंनी आरशात पाहिलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिलं, उठल्या आणि चालू पडल्या. मला वाटलं, दारातून तरी वळतील. उघड्या गळ्याने माणूस लाजतो, ताई. एका भुवईने लाजत नाही, चवताळतो. पूर्ण रस्ताभर प्रत्येकाला थांबवून त्यांनी चेहरा दाखवला. औषधाच्या दुकानात दाखवला, झेरॉक्सवाल्याला दाखवला. वर माझं गळ्याभोवतीचं कापडही घेऊन गेल्या, ते अजून परत आलेलं नाही. दुपारपर्यंत तिघींनी निरोप पाठवले की आज जमणार नाही.

आमचे हे रात्री जेवताना इतके हसले की ठसका लागला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग बाईंचा आला, तुझा आला, सगळ्यात जास्त माझाच आला. हक्काचे पैसे मागायला इतकी नाटकं का करावी लागतात गं?

कापडदुकानवाल्या बाईंकडे निम्मे आधी मागितले. त्या म्हणाल्या की आमचं दुकान चाळीस वर्षं एका जागी आहे, तुमचे पैसे घेऊन पळणार आहोत का. त्यांच्या डोक्यावर ‘उधार मागू नये’ अशी पाटी लटकत होती.

लोभ ठेव. सल्ला मात्र काही दिवस देऊ नकोस.

तुझी,
बारकी


दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लग्न झालं. पहाटेपासून सहा जणींचं केस-तोंड एकटीने केलं, उभ्याने. पायांना गोळे आले. आणि पैसे मिळाले नाहीत.

काल तिसऱ्यांदा दुकानात गेले. बाई गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होत्या, माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटी म्हणाल्या की नवरीचं काम पसंत पडलं नाही, तेव्हा द्यायचा प्रश्नच येत नाही. मी म्हटलं, बरं, उरलेल्या पाच जणींचं काय? तर म्हणाल्या, लग्न काय त्या पाच जणींचं होतं?

चार माणसांसमोर हे ऐकून घेतलं, ताई. घरी येऊन ब्रश धुतले आणि धुता धुता रडले. वीस तारीख डोळ्यांसमोर नाचतेय. काहीतरी करते. तू दवाखान्याला नाही म्हणू नकोस.

माझ्यावर रागावली नाहीस तर बरं वाटेल.

तुझी,
बारकी


दि. ७ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

रागावलेच आहे. त्या बाईवर आधी, मग तुझ्यावर. काम पसंत पडलं नाही म्हणजे काय? काजळ पसरलं, केस सुटले, झालं काय? तुझा हात मला ठाऊक आहे. तू लहानपणापासून अशीच. बाटली फुटली एवढंच सांगायचीस, फोडली कुणी ते नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सरळ लिही, नाहीतर मी भाऊजींचा हात धरून तिकडे येते आणि त्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसते.

दवाखान्यातून परत विचारणा झाली. मी हो म्हटलंय, तुझ्या भरवशावर.

उत्तर ताबडतोब दे. बाकी माया आहेच.

ताई


दि. १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगते. फोडली मीच.

त्या मुलीच्या डाव्या गालावर जन्मापासून डाग आहे. कानापासून हनुवटीपर्यंत, जांभळट. महिन्यापूर्वी तिच्या आईने मला बाजूला घेऊन बजावलं होतं की डाग दिसता कामा नये, त्याचसाठी तुम्हाला बोलावतेय. मी हो म्हटलं. खास त्यासाठी महागाची क्रीम आणली, घरी स्वतःच्या हातावर तीनदा लावून बघितली.

लग्नाच्या दिवशी मुलगी खुर्चीत बसली, आई पाहुण्यांकडे गेली. मी डबी उघडली तर मुलीने माझं मनगट धरलं. म्हणाली की होणारा नवरा तिला चार वर्षं अशीच बघतोय, आज झाकलं तर त्याला वाटेल, हिला इतके दिवस लाजच वाटत होती. आवाज न चढवता बोलली. मग मी डबी बंद केली. डोळे केले, ओठ केले, केस बांधले आणि गाल तसाच ठेवला. ताई, ती इतकी सुंदर दिसत होती की मी माझ्या कामावर खूश होते. आई दारात आली आणि तिचा चेहरा पडला.

आता तूच सांग. खुर्चीत बसलेलीचं ऐकायचं की पर्स धरलेलीचं? मला त्या घटकेला दुसरी गोष्ट सुचलीच नाही. तुझे डोळेही आठवले नाहीत. हेच तुला लिहायला हात धजत नव्हता.

काल बाईंचा निरोप आला. पंधरा तारखेला दुकानाच्या ओळखीच्या लोकांसाठी घरी पार्टी आहे. मी येऊन मुलीला नटवायचं, डाग झाकायचा, मग लग्नाचे आणि त्या दिवसाचे असे सगळे पैसे एकदम मिळतील. मी अजून काही कळवलेलं नाही.

तू म्हणशील ते करेन. खरंच करेन.

तुझी,
बारकी


दि. १२ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

जा आणि झाक.

भाऊजी हे लिहायला तयार नव्हते, मी लिहायला लावलं. त्या मुलीची एक संध्याकाळ आहे, तोंड धुतलं की संपेल. मला तोंड धुऊन दिसणार नाही. काल चहा कपाबाहेर ओतला, हात भाजला. घरात बसून बायकांचे आवाज ओळखायचे आणि कात्री चाचपडत शोधायची, असे दिवस मला काढायचे नाहीत. मी स्वार्थी बोलतेय आणि उघड बोलतेय. तू खुर्चीतलीचं ऐकलंस ते चांगलं केलंस, पण तुला पैसे देणारी मीही एक पर्सवालीच आहे. यावेळी माझं ऐक.

तुझी ताई


दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैसे भाऊजींच्या खात्यात आजच भरले. आधी हे सांगते, म्हणजे बाकीचं शांतपणे ऐकशील.

पंधराला गेले. आतल्या खोलीत मोठा आरसा होता आणि आरशापुढे बाईंनी पाकीट ठेवलेलं होतं. ते दाखवून म्हणाल्या की आधी काम होऊ दे, आणि बाहेर गेल्या. मुलगी येऊन बसली. मी डोळ्यांपासून सुरुवात केली, मग केस केले, मग पुन्हा डोळे. गालाकडे हात जाईना. तिने विचारलं, काय झालं. माझ्या तोंडून सगळं निघून गेलं, ताई. तू, तुझ्या सुया, वीस तारीख. सांगायला नको होतं. गिऱ्हाइकापुढे घरची रडगाणी गाऊ नयेत, हे मीच दुसऱ्यांना शिकवते.

मग तिने स्वतः डबी उघडून माझ्या हातात दिली आणि डावा गाल माझ्यासमोर धरला.

“लावा, मावशी. माझ्या गालापायी तुमच्या ताईंचे डोळे नको अडकायला.”

मी लावलं. आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नसेल. डाग कुठे होता, ते मलाही शोधून सापडेना. तिने आरशात पाहिलं आणि छान झालंय म्हणाली. दारात पाहुण्यांना या, बसा म्हणतात ना, तसं. बाहेर तिचा नवरा कुणाशी तरी बोलत उभा होता. तिला बघून हसला आणि मग हसायचं मधेच थांबला. पुढचं मी बघितलं नाही, सामान आवरायला आत आले.

बाई आल्या, खूश होत्या. पाकीट माझ्या हातात दिलं. मी त्यातून लग्नाच्या दिवसाचे, सहा जणींचे पैसे मोजून घेतले आणि उरलेले आरशापुढे ठेवले. म्हटलं, आजचे नकोत. ताई, त्या बाईंना याचा इतका राग आला! तीनदा मला दुकानात उभं करणाऱ्या बाई माझ्यामागे जिन्यापर्यंत धावत आल्या. म्हणाल्या, आम्ही कुणाचं फुकट घेत नाही.

मी हसले नाही आणि भांडलेही नाही. चालत घरी आले. तुला हवे होते तेवढे पैसे त्यात होते, म्हणून हे चोचले परवडले. कमी पडले असते तर ते दुसरेही घेतले असते, हे तुला खरं सांगते.

दवाखान्यात वेळेवर जा. माझा राग राग करायचा असेल तर डोळे आल्यावर कर.

तुझी,
बारकी


दि. २२ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पैसे पोचले, दवाखान्यात भरले. अठ्ठावीसला उजवा डोळा, महिन्याभराने डावा.

तुझं पत्र भाऊजींनी वाचून दाखवलं. त्या मुलीचं बोलणं आलं तिथे मी त्यांना थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग दिवसभर मला ‘जा आणि झाक’ हे माझेच शब्द ऐकू येत राहिले. ते मी सांगितलं होतं, तू नाही. हे तुझ्या मनावर घेऊ नकोस, माझ्याकडे असू दे.

मी त्या पोरीला ओळखत नाही. तिने मला पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकांनी बुडवलेलं मला आजवर पुष्कळ ठाऊक होतं, पण असं कुणी माझं देणं भागवलेलं ठाऊक नव्हतं. तिला भेटलीस तर एवढं विचार. पट्टी सुटली की मी तिकडे येईन. तिची हरकत नसेल तर मला तिचा चेहरा बघायचाय. काही न लावलेला.

माया कर, आणि माझ्यावर थोडी रागवत जा.

तुझी,
ताई