गाडीच्या घराला गॅलरी नाही

आई, जयभीम. न्यूझीलंडहून, आमच्या गाडीतल्या घरातून लिहितेय.

मी मजेत आहे. तू विचारलंस ना, गाडीत घर कसं असतं? आपल्या लालबागच्या खोलीच्या निम्मं समज. जेवायचं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग होतो. सीटखाली प्यायच्या पाण्याची टाकी, मागे सांडपाण्याची. दिवे बॅटरीवर, शेगडी सिलेंडरवर. पाणी पुरवून वापरायला तूच शिकवलंस, तेच कामाला येतंय. संडासाची पेटी बाहेर ओढून रिकामी करायची असते. ते काम माझ्याकडे आहे, पप्पांना नको सांगूस.

तुझा जावई सम्यक खूश आहे गं. नोकरी सोडल्यापासून गातोसुद्धा. अजून दोन वर्षं असंच फिरू म्हणतो.

आपल्या धाकट्या मायाची परीक्षा कशी गेली?

पप्पांशी वाजलं की तू गॅलरीत जाऊन उभी राहायचीस, शेजारच्या राधाबाई चहा आणायच्या. इथे दार उघडलं की नुसता डोंगर. फोनवर बोलताना सम्यक हाताच्या अंतरावर असतो, म्हणून हे पत्र.

तुझे गुडघे बरे आहेत, माहितीये मला. तरी पत्र मिळालं की रविवारी सम्यकला फोन कर आणि सांग, फार दुखतात, अनुजाला पाठव.

तुझीच,
अनुजा