निवांत घर

८ फेब्रुवारी १९९७, लिंबायत

आजही खोली मिळाली नाही! एकीत नळ होता, पण संडास गल्लीच्या टोकाला. दुसरीला खिडकीच नाही. शेजारच्या शोभाबाई म्हणतात — "पोरी, आधी पाणी बघ. बाकी काय, होतं हळूहळू." खरंय त्यांचं. इथे अख्ख्या चाळीला एक नळ, रोज हंड्यांची भांडणं.

पण पाण्याचं मी बघून घेईन. मला भिंतीपलीकडे लूमचं खातं नको! दिवसरात्र कापडाच्या मागांची खटखट, खटखट. फळीवरचे पेलेसुद्धा थरथरतात. लग्न झाल्यापासून ह्यांच्याशी एक वाक्य हळू आवाजात बोलले नाही. भाजीत मीठ कमी पडलं, तेही ओरडून सांगायचं!

१३ फेब्रुवारी

दुपारी डोळा लागला. स्वप्नात एक घर होतं. जिन्यात ह्यांच्या चपलांचा आवाज आला, नुसता तेवढाच. उठले तर खटखट.

१९ फेब्रुवारी

हे लूमवरून आले, चहा घेतला. म्हणाले — "तुले घरमा काय काय पाहिजे?" ओरडूनच!

मीही ओरडले — "शांतता!"

"ती भाडानी भेटस का?" म्हणाले, आणि किती हसले! बोलताना हे एकटक माझ्या तोंडाकडे बघतात. माहेरी कुणाच्या नवऱ्याला असं बघताना पाहिलं नाही. मला आवडतं.

२ मार्च

मिळाली! गोडादऱ्याला, तिसरा मजला. मोरीत नळ, संडास घरातच, आणि गॅलरी!! मालकीणबाई गुजराती, खालीच राहतात, त्यांना सगळे बा म्हणतात. "पाणी सवार-सांज आवशे, कपडां अगासीमां सूकववानां," पाण्याच्या वेळा, कपडे गच्चीवर वाळवायचे, असं बरंच सांगत होत्या. मी कुठे ऐकतेय! मी गॅलरीत. समोर नुसता ऊस. वारा फिरला की चलथाणच्या साखर कारखान्याचा मळीचा वास येतो. ह्यांनी नाक दाबलं. मला तर गुळाची भेली फोडल्यासारखं वाटलं.

१० मार्च, गोडादरा

सामान लागलं. चमचा पडला तर दचकले — इतका मोठा आवाज! कबुतर उडालं, त्याचे पंख ऐकू आले. दूध उतू जायच्या आधी एक बारीक सूं होतं, मला ठाऊकच नव्हतं. दुपारभर काहीही न करता बसले. घर पाण्यावर तरंगत असावं असं वाटत होतं, उसाच्या हिरव्या पाण्यावर.

२४ मार्च

आज काही नाही. नुसता वारा.

११ एप्रिल

डॉक्टरबाई हसून म्हणाल्या — "मीठाई खवडावो!" घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत.

उद्या ह्यांना सुट्टी. गॅलरीत सांगेन. हळूच, एकदम हळू. त्या चाळीत असते तर ही गोष्टसुद्धा ओरडावी लागली असती! ह्या घरात कुजबुजता येतं. नळ, संडास सगळं खरं — पण भाडं आपण ह्याचंच देतो.

१२ एप्रिल

हे कठड्याशी उभे होते, पाठमोरे. जवळ जाऊन सांगितलं. वळले नाहीत. पुन्हा सांगितलं. लाजले असतील, म्हटलं. खांद्याला हात लावला तर केवढे दचकले — "काय म्हनस?"

लूमनं ह्यांचे कान नेलेत. तिथे सगळेच ओरडायचे, इथे हे माझे ओठ बघून समजून घ्यायचे, मला कळणार कसं? विचारलं तर म्हणाले — "माले वाटनं, तुले माहीत शे."

मग ओरडून सांगितलं. खालून बा आनंदानं ओरडल्या, जिन्यातल्या बायका धावत वर आल्या. ह्यांनी माझा चेहरा धरला — "परत सांग."

परत ओरडले.