यादीतलं सविताचं नाव

भालकी, शनिवार, १७ जुलै २०१०

कॉलेजातल्या सविताचा बेंगळूरहून फोन आला. शेतातला ओलावा मोजणाऱ्या यंत्रांत आम्ही दोघी जी खुली, फुकट ऑपरेटिंग सिस्टीम वापरतो, तिच्यातली चूक तिनं दुरुस्त करून पाठवली आणि ती स्वीकारली गेली. दुरुस्ती करणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव आलंय. मी तीनदा उघडून पाहिलं.

तीच चूक मला दिवाळीतच सापडली होती! खटकचिंचोळीच्या शेतात यंत्राची बॅटरी दोन दिवसांत संपायची. मी माझ्यापुरतं नीट केलं. इंग्रजीत लिहून पाठवायची लाज वाटली.

तिला हे सांगितलं.

"मग पाठवलं कामून न्हाईस गं?"

"नेट बंद होतं."

खोटं. आता हे लिहिताना पुन्हा यादी उघडलीय.

"तुझं बी नाव घालायला सांगू का?" तिनं विचारलं. मनापासून विचारलं. त्यानंच जास्त जळले. नको म्हणाले.