दहा लाख चाळीस हजार तीनशे नव्व्याण्णव

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आज लिहितो, उद्या लिहितो करत टाळत राहिलो. आळस होताच, पण त्याहून जास्त तो आकडा! आजारपणानंतर बाबा कुणालाही ओळखत नाहीत, नुसतं दहा लाख चाळीस हजार तीनशे नव्व्याण्णव म्हणत राहतात, हे वाचलं आणि माझं डोकं तिथंच अडकलं. दाजींना म्हणे तो लॉकरचा नंबर वाटला. तू तर बिचारी त्या नंबरावर फोन लावून बसलीस! डॉक्टर म्हणाले, अर्थ शोधू नका, मेंदूवर परिणाम झालाय.

पण ताई, ट्रकमधला खेळ विसरलीस? बाबा गाडी चालवता चालवता मनात दोन 'हट्टी' आकडे गुणायचे. हट्टी म्हणजे मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कुणालाही भाग लावू देत नाही ती. आणि गुणाकार आपल्या अंगावर फेकायचे: "फोडा रे!" फोडेल त्याला खिडकी.

मग मीही फोडायला घेतला. सध्या एका वस्तादाच्या हाताखाली फरशा बसवतोय (रंगकाम सोडलं, ते नंतर सांगतो). फरशीच्या पाठीवर खडूनं भागाकार. अंकांची बेरीज सव्वीस, म्हणजे तीननं भाग जात नाही. सात नाही, अकरा नाही, तेरा नाही. वस्ताद म्हणाला, "फरशा लावतोस की त्यांना शाळेत घालतोस?" मला वाटलं, हा आकडाच हट्टी असणार.

परवा एका चौरस खोलीत कोपऱ्यातली शेवटची एक फरशी कमी पडली. बसल्या बसल्या सुचलं, ही अपुरी ओळ उचलून बाजूला उभी लावली तर? एक ओळ कमी, प्रत्येक ओळीत एक फरशी जास्त, आणि आयत पुरा! मी ओरडलोच. बाबांच्या आकड्यात एक मिळवला की एक हजार वीसचा वर्ग होतो गं. म्हणजे त्याचे तुकडे एक हजार एकोणीस आणि एक हजार एकवीस. दोन्ही तपासले, दोन्ही हट्टी! मधे फक्त एकच आकडा. अशांना जोडमूळ म्हणतात, हे बाबांनीच सांगितलेलं.

डोकं गेलेला माणूस असलं कोडं घालेल का? ते बडबडत नाहीत ताई, विचारतायत. आणि आपण त्यांना पाणी देतोय, औषध देतोय, उत्तर कुणीच देत नाही. म्हणून लिहितोय. सोमवारी त्यांना आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत ठेवायचं ठरलंय, त्याआधी हे दोन आकडे त्यांच्या कानात सांग आणि तोंडाकडे बघ. ओळख दिसली तर नेऊ नकोस. मी येतो, मी सांभाळतो. हस, पण येतो.

थांब, खाली कुणीतरी हॉर्न वाजवतंय. अगं, दाजी! मागच्या सीटवर बाबा! दाजी खालून ओरडतायत, संस्थेत आजच जागा झाली म्हणून निघालो होतो, तर वाटेत बाबा म्हणाले, "धाकट्याला विचारा." चाललो मी.

तुझाच,
धाकटा