लॉस एंजेलिसनंतरचा थांबा

३ ऑक्टोबर
रुजू झाले! माकुंग बंदरात ईशान्येचा वारा सुरू झालाय, बोटीतून उतरताना टोपी समुद्रात गेली, तरी दिवसभर हसतेच आहे. दोन वर्षं ज्या खुर्चीची वाट पाहिली, ती मिळाली. इंटरनेट कंपनीचा नियंत्रण कक्ष, दुसरा मजला, खिडकीतून बंदर दिसतं. हाताखाली घेणारी शिआताई पन्नाशीची आहे, तोंडाने फटकळ. प्रत्येक यंत्रावर तिने मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलंय, यंत्रांनी गुणी वागावं म्हणून. पाकिटाची तारीख उलटली की यंत्रं रुसतात, असं तिने मला बजावलं. साहेब म्हणजे येन पो-जुंग. गोल, हसरे. पहिल्याच दिवशी मला भोपळा घातलेल्या शेवया खायला नेलं आणि बेटावरची पोरगी बारीक कशी, म्हणून चिडवलं.
मी त्सेंग यी-रुंग, एवढंच त्यांना माहीत आहे. त्सेंग हे आईचं आडनाव. ओउ त्येन-फू या कोळ्याची मी मुलगी, हे इथे कुणालाही ठाऊक नाही.

६ ऑक्टोबर
आज शिआताईने नकाशा समजावला. रस्त्यापलीकडची निळी इमारत दुसऱ्या कंपनीची. इस्पितळ आमच्या जाळ्यावर, बेटांवरचे दवाखाने त्यांच्या. दोघांत थेट तार नाही. म्हणून दवाखान्यातला संदेश आधी तैपेईला जातो, मग टोकियो, मग लॉस एंजेलिस, आणि तिथून आमच्याकडे परततो. मी विचारलं, जवळची वाट का नाही? शिआताई म्हणाली, संदेश जवळच्या वाटेने जात नाही गं, ओळखीच्या वाटेने जातो. दोन घरांत सोयरीक नसेल तर वरात गावाला वळसा घालूनच जायची.
मी मान डोलावली. बाबांची वरात अशीच गेली. आमच्या बेटावरच्या दवाखान्यात छातीवर हात धरून पडलेले, पडद्यावर इस्पितळातले डॉक्टर. इंजेक्शन कोणतं ते सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि चित्र गोठलं. टोकियोपुढे कुठेतरी गर्दी होती म्हणे. एकवीस मिनिटं. नर्स रडत होती. आईने बाबांचा हात सोडला नाही.

९ ऑक्टोबर
सापडलं. थेट तार होती! दोन वर्षांपूर्वी अकरा जूनला बंद केली गेली. नोंदीत नाव येन पो-जुंग. बाबा गेले एकोणीसला.
जेवताना मी सहज विषय काढला, तर साहेबांनी मिटक्या मारत सांगितलं. देवळाच्या मेजवानीत पलीकडच्या कंपनीच्या मालकाने त्यांना शेवटच्या टेबलावर बसवलं होतं, आचाऱ्यांशेजारी. “मी पण म्हटलं, बस बाबा! आता माझ्या दाराशी यायचं तर अमेरिकेला वळसा घालून ये!” शिआताई हसली. मीही हसले. साहेबांच्या पेल्यात चहा ओतला. एक थेंब सांडला नाही.

१३ ऑक्टोबर
सकाळी इथून दवाखान्यापर्यंतची वाट तपासली. प्रत्येक थांब्याला पत्ता असतो, वेळ असते. लॉस एंजेलिसनंतर एक थांबा आला. पत्ता नाही. वेळ एकवीस मिनिटं. असं होऊच शकत नाही, सेकंदाचा काही भाग लागतो. तीनदा तपासलं.
मग हेडफोन लावले.
खोकला. तो खोकला मी हजार माणसांत ओळखेन. आणि मग, “डॉक्टर, ऐकू येतंय का?”
बाबा अजून वाटेतच आहेत.

१५ ऑक्टोबर
येन साहेबांचं घर, टेबलावरचा फोन आणि मोबाइल आमच्याच जाळ्यावर. मी त्यांची वाट वळवली. त्यांचा प्रत्येक फोन आता त्या थांब्यावरून जाईल. यंत्राला दोन ओळींचा हुकूम, बस.

१७ ऑक्टोबर
साहेब पांढरेफटक. बायकोला फोन लावला की कुणी म्हातारा उचलतो आणि डॉक्टर आहेत का विचारतो, असं सांगत होते. हसत नव्हते. शिआताईकडून सगळी हिरवी पाकिटं बदलून घेतली. मला विचारलं, रुंग, तुला काही ऐकू येतं का?
मी नाही म्हणाले. किती गोड वाटलं ते नाही म्हणणं.

१८ ऑक्टोबर
भर दुपारी बारा वाजता साहेब खुर्चीतून घसरले. हात छातीवर. शिआताईने त्यांच्याच टेबलावरून रुग्णवाहिकेला फोन केला आणि रिसीव्हर फेकून दिला. म्हातारा बोलतोय म्हणाली. जिना उतरून वाऱ्यात धावत सुटली.
मी एक हुकूम मागे घेतला असता तर फोन लागला असता. घेतला नाही. जमिनीवर त्यांच्याजवळ बसले. कुणाची मुलगी ते सांगितलं. तार बंद केल्याची तारीख सांगितली. त्यांना कळलं. ते म्हणाले, “पोरी, मला खरंच माहीत नव्हतं गं.”
रुग्णवाहिका आली तेव्हा ते गेले होते.

१९ ऑक्टोबर
हुकूम पुसला. थांबा जात नाही — पुन्हा पुसला. आता आमच्या सगळ्या वाटा तिथूनच जाताहेत. इस्पितळाचीही. मी एकच माणूस वळवला होता, एकच!
हेडफोनमध्ये दोन आवाज. येन साहेब रडताहेत, बाबा त्यांना धीर देताहेत. मग बाबा एकदम थांबले. म्हणाले, “रुंग, तू माणसं का पाठवतेस इकडे?”

२० ऑक्टोबर, सकाळ
निळ्या इमारतीत गेले. पाया पडले, थेट तार जोडा म्हणून. त्यांचा माणूस म्हणाला, जोडतो की, पण तार कधीच उपटून टाकलीय, नवी यायला दोन आठवडे —
परतले. मोबाइलवर आईचा संदेश. कालचा, सकाळी अकराचा. आत्ता पोचलाय.
छातीत कळ येते आहे, तुझा फोन लागत नाही, दवाखान्यात जाते.

दुपार
वाऱ्यामुळे आमच्या बेटाच्या बोटी बंद. दवाखान्याला सात वेळा फोन — सातही वेळा बाबांनी उचलला. आता नुसता श्वास —

हेडफोन लावलेत. तिसरं कुणीतरी आलंय. बाई. चप्पल ओढत चालतेय —
“अहो? तुम्ही अजून इथेच?”
आई परत जा — ओरडले — माझा आवाज तिथे पोचायला एकवीस मिनिटं — आई, हात धरू नकोस त्यांचा, आई