गुडघे न वाकवता

१२ मार्च

आज पुन्हा गुडघे दुखतायत!

सकाळी पोस्टमास्तर सपत्नीक. तो ठेंगणा, ती ताडमाड. तिला खुर्चीत बसवलं तर म्हणते, "बसलेली बाई फोटोत आजारी दिसते." शेवटी पायरीवर घेतलं, तो वर, ती खाली. डोकी जवळ आली की झालं. जाड्या माणसाला तिरका उभा करायचा, काटकुळ्याला समोरून घ्यायचा. एवढाच माझा धंदा.

दुपारी बेर्नार्दा, एकटी. नवरा साओ पाउलोला बांधकामावर. भिंतीवर जोडप्याचा फोटो नसला की इथे लोक बाईला काय वाट्टेल ते बोलतात. मग नवऱ्याच्या जागी मी उभा राहतो, आणि नंतर माझ्या तोंडावर रंग देऊन त्याचं तोंड काढतो. कामाच्या कार्डावरच्या टिकलीएवढ्या फोटोवरून. नवरा केवढा, ते बायका हातानं दाखवतात. माझ्याएवढा उंच कुणाचाच नसतो, म्हणून मी आपला वाकतो.

बटण दाबायला शेजारची दोना कित्तेरिया येते. "निम्म्या गावात नवरा म्हणून टांगलेला आहेस वाल्देविनो, आणि घरी एकटाच शेंगांचं कालवण ओरपतोस!" मी हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही.

१३ मार्च

कुणी आलं नाही. दिवसभर कुणाशी बोललो नाही. पोपट विकत घ्यावा म्हणतो.

२ एप्रिल

लिंदाउरा आली होती. चर्चमागे शिवणकाम करते ती. दोन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या वस्तीवरून इथे आली. नवरा झेफेरीनो त्याआधीच साओ पाउलोला गेलेला, त्यामुळे त्याला इथे कुणी पाहिलेलं नाही. तीही एकटीच राहते, पण तिच्या दारात तुळशीसारखी कुठली तरी सुवासिक झाडं असतात. माझ्या दारात रंगाचे रिकामे डबे.

"केवढा आहे नवरा?" मी विचारलं.

तिनं हात वर केला. आणखी वर केला. मग चवड्यांवर उभी राहिली — "एवढा."

"एवढा?"

"एवढाच."

तिचा हात बरोबर माझ्या डोक्याशी! दोना कित्तेरिया म्हणाली, "अरे देवा, असला आणखी एक आहे होय?" लिंदाउरा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

वाकलो नाही. पाय मुडपले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा फोटोत सरळ उभा राहिलो. तिचं डोकं माझ्या छातीपाशी. केसांना खोबरेलाचा वास होता. दोना कित्तेरियानं बटण दाबायला उशीर लावला, तेव्हा मी मनात म्हटलं, लाव, अजून लाव.

९ एप्रिल

झेफेरीनोला निळा कोट रंगवला. टाय लाल. चेहऱ्याला हात लावावासा वाटत नाही. माझं तोंड पुसून त्याचं काढायचं — शेकडो वेळा केलंय, कधी काही वाटलं नाही. आज वाटलं. माझ्याच मापाचा माणूस, आणि त्याला अशी बायको!

१५ एप्रिल

लिंदाउरा बघायला आली. अर्धा रंगवलेला फोटो बराच वेळ बघत राहिली. तिला म्हटलं, "खांदे जरा उतरवतो, फार रुंद दिसतायत."

"खांद्यांना हात लावू नका."

"टाय?"

"टाय काहीही करा."

येताना मक्याची भाकरी आणली होती, अजून गरम. मी उभ्यानंच खाल्ली. बसा म्हणायचं सुचलंच नाही मला. गाढव!

२८ एप्रिल

फोटो नेला तिनं. भिंतीवर खिळा मारायला मीच गेलो. "किती उंच लावू?" तर म्हणाली, "तुमचा हात पोचेल तिथे." कॉफी दिली. भिंतीवर झेफेरीनोचं तोंड, त्याखाली मी, आणि समोर खुर्चीत पुन्हा मीच.

११ मे

बोलावं का? काय बोलणार पण! दुसऱ्याची बायको. त्याच्या मापाचा निघालो म्हणून तेवढ्यापुरता उपयोगी पडलो. बसमध्ये जागा धरायला ठेवलेला रुमाल असतो ना, तसा. कुणीतरी एकदा मला मी म्हणून शेजारी उभं करावं, एवढंच वाटतं. पन्नाशी आली आणि हे वेड!

१९ मे

तिच्या गल्लीतून गेलो. काम नव्हतं. मशीनचा आवाज येत होता. थांबलो नाही.

२० जून

ठरलं. साओ जुआवच्या सणाला चौकात होळी पेटते, तिला ती येईलच. तेव्हा बोलायचं. नाही म्हणाली तर नाही. शर्ट धुऊन टाकलाय.

२४ जून

होळी पेटायच्या आधीच झेफेरीनो परत आला. कायमचा.

सकाळीच दोघं दुकानात आली. तो हसत हसत ओरडला, "अरे दोस्ता, मला पार ताडाचं झाड करून ठेवलंस की! आता साऱ्या गल्लीला तोंड कसं दाखवू?" भला माणूस आहे. भेट म्हणून साओ पाउलोचा पेढ्यासारखा काही गोड खाऊ आणला होता.

मिठी मारली त्यानं. त्याचं डोकं माझ्या छातीशी आलं. मग जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला. तिच्यापेक्षा बोटभर कमीच भरेल.

लिंदाउरा जमिनीकडे बघत होती.

माझ्या डोक्यापर्यंत हात पोचावा म्हणून त्या दिवशी ती चवड्यांवर उभी राहिली होती.